वाचकांचे प्रश्न : द्राक्ष बागायतदाराच्या घरी वाइन चाखायला जाताना

प्रश्न : माझ्या जावयांच्या मित्राच्या कुटुंबाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि काही वर्षांपूर्वी त्यांनी बागेतच छोटी वायनरी काढली आहे. घरचे आजोबा, दोन मुलगे आणि सुना मिळून ती चालवतात. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, त्यांनी आम्हां दोघांना वाइन चाखायला आग्रहाने बोलावले आहे. मी ५८ वर्षांची आहे आणि आजवर वाइनचा थेंबही घेतलेला नाही. माझे पती लग्नकार्यात क्वचित व्हिस्की घेतात. तिथे कसे वागावे, दिलेली प्रत्येक वाइन प्यायलीच पाहिजे का, आणि एखादी आवडली नाही तर तसे सांगणे उद्धटपणाचे ठरेल का? नाही म्हणावे तर माणसे दुखावतील आणि जावे तर आपली फजिती होईल, अशी धास्ती वाटते.
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, आपण जरूर जा, आणि मनावरचे ओझे आधी उतरवून ठेवा, कारण वाइन चाखणे आणि वाइन पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाखण्यासाठी पेल्यात साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे वाइन ओततात. ती तोंडात घोळवायची, चव समजून घ्यायची आणि शेजारी ठेवलेल्या भांड्यात थुंकून टाकायची, उरलेलीही त्याच भांड्यात ओतायची, अशी रीतच आहे. कुणाच्या घरी मानाने दिलेले तोंडातून बाहेर टाकणे आपल्या संस्कारात बसत नाही, त्यामुळे पहिल्यांदा जीव कचरतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण वाइन करणारी माणसे हंगामात रोज अनेक टाक्यांमधले नमुने तोंडात घेतात आणि थुंकतात, एरवी दुपारनंतर त्यांना कामच करता येणार नाही. तेव्हा ते भांडे टेबलावर दिसले नाही, तर निःसंकोच मागून घ्या. आपल्याला रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा अन्य कोणतीही औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि तोंडातही घ्यायची नसेल तर नुसता वास घ्या. वाइनची निम्म्याहून अधिक ओळख नाकाला होते, त्यामुळे आपण काही गमावले असे वाटणार नाही, आणि यजमानांनाही आपण त्यांच्या कष्टाकडे पाठ फिरवली असे वाटणार नाही.

माझे आग्रहाचे सांगणे असे की, चाखण्याच्या खोलीत बसण्यापूर्वी आजोबांना बागेत घेऊन चलायला सांगा. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वर्षातून एकदा छाटली जाते आणि द्राक्षे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास उतरतात. आपल्या हवेत तिला तशी झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या आसपास खरड छाटणी करून काडी तयार करून घ्यायची आणि पावसाळा ओसरताना गोडी छाटणी करून घड धरायचे, अशी दोन छाटण्यांची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे, आणि त्यामुळेच आपल्या वाइनचा हंगाम जानेवारीत सुरू होऊन मार्चअखेरीपर्यंत चालतो. नाशिकच्या थंडीतल्या गार रात्री मण्यातला आंबटपणा टिकवतात आणि दिवसाचे ऊन साखर भरते. तोडणी बहुधा पहाटे करतात, कारण गार मणी कारखान्यात पोहोचला तर त्याचा सुगंध शाबूत राहतो. म्हणून शक्य असेल तर सकाळी लवकर पोहोचा.

बागेत गेल्यावर शिराझ या काळ्या वाइन-द्राक्षाचा एक मणी मागून घ्या आणि बोटांत दाबा. मण्याचा रंग जवळजवळ काळा असला, तरी रस पांढुरका निघेल. मग तीच साल अंगठ्याने तळहातावर चोळा, जांभळा डाग पडेल. लाल आणि पांढऱ्या वाइनमधला मुख्य फरक एवढ्यात कळतो : पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून नुसता रस आंबवतात, तर लाल वाइनसाठी रस सालीसकट आणि बियांसकट आंबवतात, आणि रंगही सालीतून येतो, तुरटपणाही. आता बी दाताखाली धरून पाहा. कच्च्या मण्याची बी हिरवट, चिवट आणि कडवट लागते. पिकलेल्याची तपकिरी असते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुडकुडीत फुटते. बागायतदाराच्या हातात ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजण्याचे यंत्र असतेच, पण तोडणीचा दिवस ठरवताना जुनी माणसे बी चावून पाहतात आणि मगच मजुरांना निरोप पाठवतात. हा मणी आपण खातो त्या थॉमसनपेक्षा बराच लहान, जाड सालीचा आणि कितीतरी अधिक गोड असतो. खाण्याच्या द्राक्षात साखर १७–१८ ब्रिक्सच्या आसपास असते, वाइनच्या द्राक्षात ती २२ ते २४ पर्यंत जाऊ देतात. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की १ टक्का अल्कोहोल तयार होते, हा हिशेब लक्षात ठेवला, तर बाटलीवरच्या १२ किंवा १३ टक्क्यांचे मूळ या मण्यात आहे, हे आपोआप उमगेल.

मग टाक्यांच्या शेडमध्ये जा. लाल वाइनची टाकी आंबत असेल तर साली वर येऊन त्यांचा जाड थर जमलेला दिसेल. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने वर आणून त्यावर सोडावा लागतो. वास आंबलेल्या इडलीच्या पिठाची आणि पिकल्या जांभळाची आठवण करून देणारा असतो. टाकीवर वाकून मात्र पाहू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तोंडाशी साचतो आणि माणसाला क्षणात घेरी आणू शकतो.

चाखण्याचा क्रम यजमानच ठरवतील : फेसाळ असेल तर आधी ती, मग पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल आणि शेवटी गोड. हलक्याकडून दाटाकडे आणि कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या वाइनकडून गोडाकडे जायचे, जेणेकरून आधीची चव पुढचीला झाकत नाही. आपल्याकडे श्रीखंड खाल्ल्यावर ताक आंबट लागते, तसेच हे आहे. पेला दांडीला धरा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहा, हलकेच गोल फिरवा, नाक आत घालून एक लांब श्वास घ्या, आणि मग घोट तोंडात सगळीकडे फिरवा. तोंडाला पाणी सुटले तर तो आंबटपणा. हिरड्या आणि जीभ आवळून आल्या, कच्चे केळे किंवा कात खाल्ल्यासारखे वाटले, तर तो तुरटपणा. त्यालाच टॅनिन म्हणतात. घोट ताकासारखा पातळ वाटतो की सायीच्या दुधासारखा भरलेला, हे पाहा, आणि थुंकल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते ते मनातल्या मनात मोजा.

आता शब्दांविषयी, कारण आपली खरी धास्ती तिथे आहे असे मला वाटते. टेस्टिंगच्या छापील कागदावर ब्लॅककरंट, गूसबेरी, सीडर असे शब्द असतात, आणि ज्याने त्या गोष्टी कधी हातात धरल्या नाहीत तो माणूस गप्प होतो. ताई, आपण तीस-पस्तीस वर्षे फोडणीच्या वासावरून जिरे करपले की नाही ते ओळखत आला असाल; हे नाक अनेक तज्ज्ञांपेक्षा तयार आहे. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये पिकलेला पेरू, अननस, कधी मध सापडतो. सोव्हिन्यों ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये नुकतेच कापलेले गवत आणि सिमला मिरची येते. ती कल्पना नव्हे, कारण सिमला मिरचीला तिचा वास देणारे रसायन त्या द्राक्षातही असते. शिराझमध्ये काळी मिरी जाणवते, आणि तेही खरेच, कारण मिरीतला रोटंडोन नावाचा घटक शिराझच्या सालीत असतो. तेव्हा आपल्याला जे आठवेल ते, मग ती चिंच असो, कोकम असो, भिजलेली माती असो की जुन्या कपाटातले लाकूड, तेच मोकळेपणाने बोला. घरच्या सुनांना आपले हे शब्द छापील कागदापेक्षा अधिक उपयोगी पडतील, कारण उद्या त्यांच्याकडे येणारे बहुतेक पाहुणे आपल्यासारखेच असणार आहेत.

न आवडल्यास सांगावे का? सांगावे, पण कारणासह सांगावे. "बरी नाही" या शब्दांनी माणूस दुखावतो. "मला ही फार तुरट लागली, आधीची अधिक सुखाची वाटली" या वाक्याने त्याला काहीतरी मिळते. माझा एक अनुभव सांगतो. अशाच एका घरगुती वायनरीत लाल वाइनचा पेला नाकाशी नेला, तर पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा कुबट वास आला. संकोचाने मी दोन क्षण गप्प बसलो, मग सांगितले. वायनरीच्या मालकांनी पेला स्वतः हुंगला, काही न बोलता दुसरी बाटली उघडली आणि दोन्ही पेले माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. दुसरीत जांभूळ आणि मिरी स्वच्छ होती. पहिल्या बाटलीच्या बुचात दोष होता. बुचात बुरशीमुळे एक रसायन तयार होते आणि ते सगळी बाटली बिघडवते, ती पिऊन अपाय होत नाही, पण चव मरते. "तुम्ही गप्प बसला असता तर आमची वाइन अशीच असते असे समजून घरी गेला असता," असे ते म्हणाले, आणि त्यानंतर मी कुठेही भिडेखातर स्तुती केलेली नाही.

काही बारीकसारीक गोष्टी : त्या दिवशी अत्तर लावू नका, मोगऱ्याचा गजराही माळू नका, कारण छोट्या खोलीत तो सगळ्या पेल्यांवर पसरतो. विडा, बडीशेप आणि तंबाखू चाखण्याआधी टाळा. उपाशीपोटी जाऊ नका, पण नाशिकला आलोच आहोत म्हणून वाटेत झणझणीत मिसळ खाऊनही जाऊ नका. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते आणि तुरट लाल वाइन मग तोंडात टिकत नाही. पोळी-भाजी किंवा साधा वरणभात उत्तम. बाटली विकत घेण्याचे बंधन नाही. तरीही एखादी मनापासून आवडली असेल तर ती तिथेच घ्या, कारण दारात विकल्या गेलेल्या बाटलीतून वितरकाचा आणि दुकानाचा वाटा जात नाही, आणि छोट्या घराला त्या एका बाटलीने खरोखर हातभार लागतो.

प्रश्न : आम्ही पुण्याहून दोन कुटुंबे मुलांसह प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुटीत नाशिकच्या एका कौटुंबिक वायनरीत जाण्याचा बेत करत आहोत. काही अडचण येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : २६ जानेवारी हा ड्राय डे आहे, त्या दिवशी बाग पाहता येईल, पण वाइन मिळणार नाही, म्हणून चाखण्याचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ठेवा. आधी फोन करून वेळ ठरवा, कारण छोट्या घरात वाइन दाखवणारा आणि ट्रॅक्टरवरून क्रेट उतरवून घेणारा माणूस एकच असतो. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. मुलांसाठी ताजा द्राक्षरस मिळतो का ते विचारून ठेवा, आणि टाक्यांच्या शेडमध्ये त्यांचा हात सोडू नका. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी काहीही घेऊ नये, थुंकूनही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पाच-सहा नमुने चाखताना तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही थोडे अल्कोहोल शरीरात जातेच, आणि कसारा असो की सिन्नरचा रस्ता, मुले मागे बसलेली असताना अंदाजावर गाडी चालवू नये.

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात तीन एकर थॉमसनची बाग आहे. भाव पडला की मुलगा म्हणतो, आपणही घरची वायनरी काढू. येत्या हंगामात एक-दोन वायनऱ्या पाहायला जाणार आहोत. आमच्याच द्राक्षांची वाइन होईल का, आणि तिथे नेमके काय विचारावे?
— एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : दादा, थॉमसनचा रस आंबेल, वाइन होईलही, पण ती कुणी दुसऱ्यांदा मागणार नाही. मणी फुगावा आणि साल पातळ राहावी म्हणून आपण जे जे करतो, जिबरेलिक या संजीवकाच्या बुडवणीपासून विरळणीपर्यंत, ते सगळे वाइनच्या विरुद्ध दिशेचे आहे. वाइनला लहान मणी, जाड साल आणि आंबटपणा लागतो, आणि त्यासाठी एकरी उत्पादन मुद्दाम कमी ठेवावे लागते. म्हणजे वायनरी काढायची तर आधी बाग बदलावी लागेल, आणि नव्या वेलीचे पहिले चांगले पीक हातात यायला किमान तीन वर्षे जातील.

हा मार्ग चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फेसाळ वाइन करून ती परदेशी पाठवली, तेव्हा आपल्या मातीत हे होईल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. नाशिकला राजीव सामंत यांनी सुला या वायनरीची सुरुवात केली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले आणि अनेक बागायतदार कुटुंबे या धंद्यात उतरली. पण २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घसरली. कारखान्यांच्या भरवशावर वाइनची द्राक्षे लावलेल्या कितीतरी शेतकऱ्यांचा माल पडून राहिला, पैसे अडकले आणि अनेकांनी वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. त्या वर्षांत ज्यांच्या डोळ्यांदेखत उभी बाग तोडली गेली, त्यांच्याशी बोलल्याशिवाय मुलाने निर्णय घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याच तालुक्यात अशी माणसे भेटतील.

वायनरीत गेल्यावर वाइनच्या चवीआधी हिशेब विचारा. खाण्याचे द्राक्ष एका हंगामात पैसा मोकळा करते. लाल वाइन मात्र टाकीत आणि पिंपात वर्षभर किंवा अधिक पडून राहते आणि तेवढा काळ भांडवल तिच्यात अडकते. आंबवण वेगात असताना वीज गेली तर टाकी गार ठेवायला काय सोय आहे, हे विचारा. पांढऱ्या वाइनचे तापमान एक रात्र हाताबाहेर गेले तरी सुगंध उडून जातो. दारात किती बाटल्या खपतात आणि दुकानातून किती, हे विचारा. महाराष्ट्राबाहेर विकायचे तर प्रत्येक राज्याचे उत्पादन शुल्क खाते वेगळे, लेबलची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळे. त्या खर्चाने लहान माणूस घायकुतीला येतो. आणि घरात हे काम कोण करते ते पाहा. नाशिकची यॉर्क वायनरी गुरनानी कुटुंबाने उभी केली, नावसुद्धा तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून घेतले, एका भावाने वाइन बनवण्याचे रीतसर शिक्षण घेतले. तरीही २०२१ मध्ये ती सुलाकडे गेली. अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वायनरीत मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशी तीन घरे एकत्र आली, तेव्हा जमीन, बाजार आणि वाइनचे ज्ञान या तिन्ही बाजू सांभाळता आल्या. आपल्या मुलाकडे यातली कोणती बाजू आहे आणि उरलेल्या कुठून आणणार, याचे उत्तर त्याने कागदावर लिहून काढावे. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाइनच्या जाती आणि प्रक्रिया या दोन्हींवर काम चालते; वायनऱ्या पाहण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

प्रश्न : वायनरीतून आणलेल्या दोन बाटल्या घरी कशा ठेवाव्यात? आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गाडीतून आणतानाच काळजी घ्या, बंद डिकीत दोन तास उन्हात राहिलेली वाइन शिजल्यासारखी लागते आणि नंतर तिचे काही करता येत नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघरात, गॅसजवळ किंवा फ्रिजच्या वर ठेवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात फ्रिजचा खालचा कप्पा हीच सर्वांत सुरक्षित जागा आहे. बूच असेल तर बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीचे झाकण असेल तर उभी चालेल. पांढरी आणि रोझे वर्षभरात संपवा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन ते चार दिवस चांगली राहते, आणि लाल वाइन फ्रिजमधून काढून वीस मिनिटे बाहेर ठेवल्यावर प्यावी.